की टाकली तरी पासवर्ड मागतो: पुन्हा पुन्हा अडणाऱ्या फाइल ट्रान्सफरचं काय करायचं

एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर रात्री आपोआप फाइल जावी म्हणून एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइलींची जोडी) लावणं हे अर्ध्या तासाचं काम. ते चालतं, सगळे खूश, तिकीट बंद. मग काही आठवड्यांनी एका रात्री जॉब अडकतो, कुणीतरी झोपेतून उठून ‘सातशे-सहाशे’ (म्हणजे फोल्डर-फाइलच्या परमिशनचे आकडे) मारतो, गाडी रुळावर येते, तिकीट परत बंद. पुढच्या खेपेला तेच. की पहिल्यांदा कशी लावायची हे सांगणारे पायलीला पन्नास मिळतील. नीट लावलेली की पुन्हा पुन्हा का चालेनाशी होते, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा कीमध्ये नसतंच. कुणीतरी किंवा काहीतरी ठरावीक वेळाने ती बिघडवत असतं. आपलं काम ते शोधण्याचं.

बोलायला सोपं जावं म्हणून फोर्टातलं एक ब्रोकिंग ऑफिस धरू. बाजार साडेतीनला बंद होतो, संध्याकाळी भावकॉपी (एक्स्चेंजची दिवसाच्या भावांची फाइल) येते, बॅक ऑफिसचं ईओडी (दिवसअखेरचं काम) चालतं आणि रात्री तयार झालेल्या फाइली महापेच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर जातात. तिथून कॉन्ट्रॅक्ट नोटा (दिवसभरातल्या व्यवहारांचा तपशील) ग्राहकांच्या मेलवर. नोट व्यवहारानंतर २४ तासांत पोचवायची असते, त्यामुळे ‘उद्या निवांत बघू’ हा पर्याय नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरला ‘फोर्ट’ म्हणू, घेणाऱ्याला ‘महापे’. दोन्हीकडचा यूजर ईओडी. कमांड मी फोनवर सांगतात तशा लिहितोय. टाइप कशा करायच्या ते तुम्हाला माहीत आहे.

पहिली गोष्ट, शोध कुठे घ्यायचा. फोर्टच्या स्क्रीनवर ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ दिसतं आणि माणूस फोर्टवरच खटपट करत बसतो. नवी की बनव, परत कॉपी कर, जुनी उडव. तो मेसेज मुद्दाम मोघम ठेवलेला आहे. दारात आलेल्या अनोळख्याला ‘तुझी की बरोबर आहे, फक्त आमच्या फोल्डरची परमिशन सैल आहे’ असं सांगून कसं चालेल? खरं कारण सर्व्हर स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो, म्हणजे महापेवर. रेडहॅट घराण्यात ते व्हार-लॉगमधल्या सिक्युअर फाइलमध्ये असतं, डेबियन-उबुंटूवर ऑथ डॉट लॉगमध्ये, आणि या फाइली नसल्याच तर जर्नलसीटीएलमध्ये. एका खिडकीत महापेचा लॉग टेल डॅश एफ करून उघडा ठेवा, दुसरीतून फोर्टवरून एकदा कनेक्ट करा. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

महापेचा रूट ॲक्सेस तुमच्याकडे नसेल, तो डेटा सेंटरच्या दुसऱ्या टीमकडे असेल, तर ‘की चालत नाही, कृपया तपासावे’ असं तिकीट टाकू नका. त्याला ‘आमच्याकडून सगळं ओके आहे’ हेच उत्तर येणार. प्रयत्नाची मिनिटासकट वेळ, फोर्टचा आयपी आणि यूजरचं नाव द्या आणि त्या मिनिटाच्या सिक्युअर लॉगच्या ओळी मागा. ओळी मागितल्या की ओळी मिळतात.

फोर्टकडून बघायचं ते एवढंच: एसएसएच डॅश व्ही लावून कनेक्ट करा आणि त्या लांबलचक आउटपुटमध्ये दोन ओळी शोधा. ‘ऑफरिंग पब्लिक की’ आणि ‘सर्व्हर ॲक्सेप्ट्स की’. पहिलीच ओळ नाही, किंवा आहे पण भलत्याच फाइलचं नाव दाखवते, तर गोची फोर्टवर आहे: यूजर चुकीचा, की वेगळ्या जागी, किंवा एजंटमध्ये (की मेमरीत धरून ठेवणारा प्रोग्रॅम) ढीगभर की भरल्यात. सर्व्हर एका कनेक्शनमध्ये डिफॉल्टने सहाच प्रयत्न मोजतो. तुमची खरी की सातव्या नंबरवर असेल तर तिची पाळीच येत नाही आणि ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ म्हणून बाहेर काढलं जातं. कॉन्फिगमध्ये त्या होस्टसाठी आयडेंटिटी फाइल नेमकी द्या आणि आयडेंटिटीज ओन्ली येस करा, विषय संपला. पहिली ओळ आहे, दुसरी नाही, तर महापे की घ्यायला तयार नाही. आणि दोन्ही ओळी आहेत, तरीही फाइल जात नाही, तर तो तिसराच प्रकार. त्याच्याकडे नंतर येतो, कारण सगळ्यात जास्त रात्री त्यानेच खाल्ल्यात.

आता परमिशन. ऑथोराइज्ड कीज फाइल सहाशे आणि डॉट-एसएसएच फोल्डर सातशे, हे सगळ्यांना पाठ असतं. विसरतात ती होम डिरेक्टरी. स्ट्रिक्ट मोड्स चालू असताना, आणि तो डिफॉल्टने चालूच असतो, सर्व्हर होमपर्यंत वरचे फोल्डरही तपासतो. ईओडीच्या होमवर ग्रुपला किंवा इतरांना लिहायची परवानगी असेल तर आतलं सगळं कितीही कडक असो, की नाकारली जाते. सातशे पंचावन्न चालतं, सातशे पंच्याहत्तर चालत नाही. कारण सरळ आहे: होममध्ये ज्याला लिहिता येतं, तो डॉट-एसएसएच फोल्डरचं नाव बदलून त्या जागी स्वतःचा ठेवू शकतो. दाराला भारी कुलूप आणि बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरच्या बाजूला, असला तो प्रकार. लॉगमध्ये ही ओळ अगदी स्वच्छ येते: ‘ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड, बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी’, आणि पुढे त्या डिरेक्टरीचा पत्ता.

इथेच बहुतेक जण चूक दुरुस्त करून झोपायला जातात. चीमॉड (परमिशन बदलणारी कमांड) मारला, चाललं. पण परमिशन आपोआप सैल होत नाहीत. मागे एका ऑफिसात नाइट शिफ्टच्या पोराशी फोनवर झालेलं बोलणं साधारण असं होतं.

‘सर, परत तेच. सातशे मारू का?’

‘थांब, हात लावू नकोस. आधी स्टॅट कर ऑथोराइज्ड कीजवर. चेंज म्हणून ओळ आहे बघ. मॉडिफाय नाही, चेंज.’

‘मॉडिफाय मार्चमधलं आहे सर. चेंज आजचं, सहा वाजून चाळीस मिनिटं.’

‘सहा चाळीसला काय झालं तिथे?’

‘सहा चाळीस… सर, ॲपवाल्यांचं रिलीज होतं आज. साडेसहाला सुरू केलेलं त्यांनी.’

रिलीजच्या स्क्रिप्टमध्ये शेवटून दुसरी ओळ होती: चीमॉड डॅश कॅपिटल आर सातशे पंच्याहत्तर, आणि पुढे ईओडीच्या होमचा पत्ता. ॲपचे लॉग त्या होममध्येच पडायचे, ग्रुपमधल्या सगळ्यांना ते दिसावेत म्हणून कुणीतरी कधीकाळी ती ओळ घातलेली. रिलीज झालं की त्या रात्री की बंद, आणि रिलीज महिन्या-दोन महिन्यांनी व्हायचं, म्हणून ‘कधीतरी अचानक होतं’ असं सगळ्यांना वाटायचं. लॉगचा फोल्डर होमच्या बाहेर हलवला, स्क्रिप्टमधली ओळ त्या नव्या फोल्डरपुरती केली, आणि ते तिकीट पुन्हा उघडलं नाही.

तर नियम असा ठेवा: चीमॉड मारण्याआधी स्टॅट. मॉडिफाय म्हणजे फाइलमधला मजकूर कधी बदलला. चेंज म्हणजे तिची परमिशन, मालकी वगैरे कधी बदललं तेही. तुम्ही चीमॉड मारला की चेंजची वेळ तुमचीच होते आणि पुरावा गेला. होम डिरेक्टरीच्या चेंजवर मात्र विसंबू नका, आत एखादी फाइल बनली-उडली तरी ती वेळ हलते. ऑथोराइज्ड कीज फाइलची वेळ जास्त भरवशाची. ती क्रॉन (ठरल्या वेळी जॉब चालवणारी यंत्रणा), रिलीजची वेळ आणि बॅकअप रिस्टोअर यांच्याशी जुळवून बघा. मजकूरच बदललेला असेल, म्हणजे तुमची की फाइलमधून गायब असेल, तर संशय अन्सिबल किंवा पपेटसारख्या यंत्रणेवर घ्या. कीजची यादी मध्यवर्ती ठिकाणाहून लिहिली जात असेल तर हाताने घातलेली ओळ पुढच्या फेरीत पुसली जाणारच. ती की त्या मध्यवर्ती यादीत घाला, सर्व्हरवर नाही.

वेळ जुळूनही माणूस सापडत नसेल तर ऑडिट लावा. ऑडिटसीटीएल डॅश डब्ल्यू, पुढे फोल्डरचा पत्ता, डॅश पी डब्ल्यूए आणि डॅश के देऊन एक खुणेचं नाव. पुढच्या वेळी एयूसर्च डॅश के ते नाव, की कुठल्या प्रोसेसने, कुठल्या यूजरने हात लावला ते समोर. हा नियम रीबूटला उडतो. टिकवायचा तर ऑडिटच्या रूल्स डॉट डी फोल्डरमध्ये लिहावा लागतो.

आता तो तिसरा प्रकार. की ऑफर झाली, सर्व्हरने घेतली, ऑथेंटिकेशन झालं, आणि लगेच कनेक्शन तुटलं. फाइल पाठवणारं आरसिंक ‘कनेक्शन अनएक्स्पेक्टेडली क्लोज्ड’ एवढंच म्हणतं. बारकाईने बघितलं तर वर एक ओळ असते: ‘पासवर्ड चेंज रिक्वायर्ड बट नो टीटीवाय अव्हेलेबल’. ईओडी यूजरचा पासवर्ड एक्स्पायर झालाय.

यावर हमखास येणारा प्रश्न: ‘पण आपण पासवर्ड वापरतच नाही ना?’ वापरत नाही, पण खातं तर आहे. सर्व्हर पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) वापरत असेल तर की पटल्यानंतर पॅम खात्याची अवस्था वेगळी तपासतं, आणि पासवर्डची मुदत त्यात येते. ऑडिटच्या आग्रहाखातर ९० दिवसांचं धोरण सगळ्या यूजरना सरसकट लागलं की सर्व्हिस अकाउंटही (माणसाची नव्हे, जॉबसाठीची खाती) त्यात सापडतात. मग दर तीन महिन्यांनी, तारीख लावून, जॉब पडतो. कुणीतरी पासवर्ड बदलतं, पुढचे ९० दिवस शांतता. तुमची अडचण वर्षातून चार वेळा येत असेल तर बाकी काही बघण्याआधी महापेवर चेज डॅश एल ईओडी करा. ‘पासवर्ड एक्स्पायर्स’ समोरची तारीख आणि तिकिटांच्या तारखा शेजारी ठेवा.

उपाय पासवर्ड बदलत राहणं नाही. सर्व्हिस अकाउंटला पासवर्डने लॉगिनच करता येऊ नये आणि मुदतही लागू नये. मुदत चेज डॅश कॅपिटल एम उणे एक देऊन काढता येते. पासवर्ड पासडब्ल्यूडी डॅश एलने लॉक करता येतो. दोन्ही करा, नुसत्या लॉकने मुदतीची तपासणी टळत नाही. लिनक्सवर यूज पॅम येस असेल तर लॉक केलेल्या खात्यात कीने जाता येतं. यूज पॅम नो असेल तर मात्र ‘नॉट अलाउड बिकॉज अकाउंट इज लॉक्ड’ म्हणून कीसुद्धा बाद. तेव्हा लॉक करण्याआधी एसएसएचडी डॅश कॅपिटल टी चालवून सेटिंग खरोखर काय आहे ते बघा. कॉन्फिग फाइल वाचून अंदाज बांधू नका, हल्ली ती इन्क्लूडने चार तुकड्यांत विखुरलेली असते. आणि सिक्युरिटीवाल्यांकडून या अपवादाची लेखी मंजुरी घ्या, नाहीतर पुढच्या ऑडिटनंतर मुदत परत लागेल.

‘हाताने चालतं, क्रॉनमध्ये चालत नाही’ ही तक्रार वेगळी. हाताने चालवताना तुम्ही तुमच्या लॅपटॉपवरून आलेले असता आणि तुमचा एजंट बरोबर आलेला असतो; फोर्टवरची की पासफ्रेजने (कीच्या स्वतःच्या पासवर्डने) बंद असली तरी, किंवा मुळात नसली तरी, तुमचीच की पुढे जाते आणि काम होतं. रात्री क्रॉनला एजंट कुठला? दुसरं, क्रॉन रूटचा आणि की ईओडीच्या होममध्ये, हेही सर्रास. तिसरं, महापेचं व्हीएम नव्याने उभं केलं, होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख) बदलली, आणि क्रॉनच्या यूजरच्या नोन होस्ट्समध्ये (ओळखीच्या सर्व्हरांची यादी) जुनीच राहिली; मग एसएसएच ‘येस’ही विचारत नाही, सरळ नकार देतो. चाचणी घ्यायची तर क्रॉनच्याच अवस्थेत घ्या: सुडो डॅश यू ईओडी, एसएसएच एजंटचा व्हेरिएबल अनसेट, आणि एसएसएचला बॅच मोड येस. बॅच मोडमध्ये तो पासवर्ड विचारत बसत नाही, सरळ पडतो. क्रॉनच्या जॉबमध्येही तो कायमचा ठेवा. रात्रभर प्रॉम्प्टवर ताटकळलेला जॉब पडलेल्या जॉबपेक्षा वाईट, कारण त्याचा अलर्टच येत नाही. होस्ट की चेकिंग बंद करण्याचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. नव्या होस्ट कीचा फिंगरप्रिंट महापेच्या कन्सोलवरून ताडून मगच ती की नोन होस्ट्समध्ये घाला.

रेडहॅट, रॉकी किंवा अल्मा असेल, ईओडीचं होम नेहमीच्या जागेऐवजी डेटा वगैरे वेगळ्या डिस्कवर असेल आणि परमिशन सगळ्या नीट असतील, तर संशय एसईलिनक्सवर, म्हणजे फाइलींवरची लेबलं बघून अडवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेवर. त्याची ओळख पटवायची एक छान खूण आहे. महापेवर रूट होऊन एसएसएचडीची दुसरी प्रत डीबग मोडमध्ये २२२२ पोर्टवर हाताने चालवा आणि फोर्टवरून तिथे कनेक्ट करा. तिथे की चालली आणि २२ वर चालली नाही, तर जवळपास नक्कीच लेबलचं दुखणं, कारण हाताने चालवलेल्या प्रतीवर ती बंधनं नसतात. रिस्टोअरकॉन डॅश आर डॅश व्ही डॉट-एसएसएच फोल्डरवर चालवा. वेगळ्या डिस्कवरच्या होमसाठी आधी सीमॅनेजने त्या जागेला होमचा दर्जा द्यावा लागतो, नाहीतर पुढच्या रीलेबलला परत पहिले पाढे पंचावन्न. एसईलिनक्स कायमचा बंद करणाऱ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही.

ता.क. म्हणून एक: याच चाचणीत एससीपी वापरत असाल तर पोर्टसाठी कॅपिटल पी. एसएसएचला लहान पी, एससीपीला कॅपिटल. लहान पी दिलात तर एससीपी २२२२ नावाची फाइल शोधायला जातो आणि ‘नो सच फाइल’ म्हणतो. फोनवर कमांड सांगताना यात किती वेळ जातो ते विचारू नका.

अपग्रेडनंतर बंद पडलेल्या कीचं कारण बहुधा अल्गोरिदम. ओपनएसएसएच ८.८ मध्ये, २०२१ साली, एसएचए-१ वर आधारलेली जुनी आरएसए सही डिफॉल्टने बंद झाली. आरएसए की स्वतः बाद झालेली नाही, नव्या पद्धतीच्या सहीने ती चालते. पण समोरचा सर्व्हर सेंटओएस ६ च्या काळातला असेल तर त्याला नवी सही कळत नाही. फोर्ट अपग्रेड झाला आणि महापे जुनाच राहिला, की हे होतं. त्या एका होस्टपुरतं पबकी ॲक्सेप्टेड अल्गोरिदम्समध्ये अधिक चिन्ह देऊन जुनी पद्धत चालू करता येते. इतका जुना सर्व्हर असेल तर होस्ट की अल्गोरिदम्समध्येही तेच करावं लागतं. सगळ्या होस्टना मिळून चालू करू नका. दोन्ही सर्व्हर बऱ्यापैकी नवे असतील तर ईडी२५५१९ ची नवी की बनवा. २०१४ पासून ओपनएसएसएचमध्ये ती आहे, आणि तिची पब्लिक ओळ एवढी आखूड असते की पेस्ट करताना मध्ये तुटत नाही. आरएसएची लांबलचक ओळ मेलमधून किंवा व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना दोन ओळींत मोडली की सर्व्हर ती निमूटपणे सोडून देतो. पुट्टीजेनने सेव्ह केलेली पब्लिक फाइल तर वेगळ्याच साच्यात असते, ती जशीच्या तशी चिकटवून उपयोग नाही. एसएसएच-कीजेन डॅश आयने रूपांतर करून घ्या.

की पटते, लॉगिन होतं, पण एसएफटीपी ‘रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग’ म्हणतं किंवा आरसिंक ‘इज युअर शेल क्लीन’ विचारतं, तर महापेवरच्या बॅशआरसीमध्ये कुणीतरी ‘सुस्वागतम’ छाप एको लावलाय. काढा.

काही जण या सगळ्याला कंटाळून स्ट्रिक्ट मोड्स नो करतात, किंवा रूटचीच की लावतात, किंवा एकच प्रायव्हेट की सगळ्या सर्व्हरवर वाटतात. चालतं, यात शंका नाही. पण पासफ्रेज नसलेली की म्हणजे फोर्टवर ज्याला ती फाइल वाचता येते त्याला महापे उघडं. म्हणून ऑथोराइज्ड कीजच्या ओळीत सुरुवातीला रिस्ट्रिक्ट लिहा, फ्रॉम लिहून फोर्टचा आयपी द्या आणि कमांडमध्ये आरआरसिंक (आरसिंकला एका फोल्डरपुरतं बांधणारी स्क्रिप्ट) लावून एकच फोल्डर मोकळा ठेवा. फोर्टचं लीज लाइन बदललं की आयपी बदलतो आणि की परत अडते, हे मात्र त्या ओळीची नोंद ठेवणाऱ्याने लक्षात ठेवायचं.

आणि रात्री अकराच्या जॉबची वाट बघू नका. संध्याकाळी पाचला, माणसं जागेवर असताना, फोर्टवर ईओडीच्याच क्रॉनमधून बॅच मोडमध्ये आरसिंकचा एक ड्राय रन ठेवा, एका रिकाम्या फाइलचा. नुसतं एसएसएचने लॉगिन तपासू नका, आरआरसिंक लावलेल्या कीने ते पडणारच. ड्राय रन पडला तर ग्रुपवर मेल. पाचला कळलं तर महापेवाल्यांचा दिवसपाळीचा माणूस अजून फोन उचलतो.